डोंगराची राख आणि शहराचें पाणी

शहागंजच्या चौकांत उभें राहिलें असतां प्रथम लक्ष जातें तें घड्याळाच्या मनोऱ्याकडे आणि मग त्याच्या भोंवतालच्या बाजाराकडे. या गजबजाटांत पाण्याची आठवण होण्याचें वरवर पाहतां कांहीं कारण नाहीं. परंतु खाफीखान या इतिहासकारानें या जागेविषयीं जें लिहून ठेविलें आहे, तें पाण्याविषयींच आहे. सय्यद बंधूंपैकीं हुसेन अली हा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दख्खनचा सुभेदार असतां त्यानें शहागंज येथें एक विस्तीर्ण हौद बांधण्यास आरंभ केला. पुढें इवजखानानें तेथील मशीद व इमारती वाढविल्या व उंच केल्या. तरी हौदाचें मूळ श्रेय खाफीखान हुसेन अलीलाच देतो, आणि उन्हाळ्यांत पाण्याचें दुर्भिक्ष पडे तेव्हां या हौदामुळें नगरवासीयांचे हाल कमी होत, असें आवर्जून सांगतो. मशिदी, महाल आणि मोहिमा यांचें वर्णन करण्यांत ज्याची लेखणी रमे, त्या बखरकारालाही एका हौदासाठीं थांबावेंसें वाटलें, यावरून या शहराच्या जिवाची दोरी कोठें बांधलेली आहे तें उघड होतें.

ती दोरी शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत बांधलेली आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें राजधानी वसविली, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न पाण्याचाच होता. त्यानें तो सोडविला तो नदीला धरण घालून नव्हे, तर डोंगराच्या पायथ्याशीं जमिनीच्या पोटांत झिरपणारें पाणी भुयारी मार्गानें गोळा करून आणि केवळ उताराच्या बळावर शहरांत आणून. त्याचा आरंभ ‘नहर-ए-अंबरी’नें झाला, पुढें मोगलांच्या व आसफजाही अमदानींत त्याच तत्त्वावर आणखी नहरी झाल्या, आणि पाणचक्कीवर जाऊन पडणारें पाणीही अशाच एका नहरीचें आहे. या योजनेंतील कारागिरीची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. परंतु तिच्या मुळाशीं असलेली एक साधी गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. नहरींत पाणी येतें तें डोंगरावर पडलेल्या पावसाचें येत नाहीं. डोंगराच्या मातींत मुरलेल्या पावसाचें येतें. पाऊस पडला पण मुरला नाहीं, तर नहर कोरडी राहते आणि नदीला मात्र पूर येतो. या दोहोंमधील भेद ठरविणारी वस्तु म्हणजे उतारावरचा हातभर मातीचा थर आणि त्यावरील पालापाचोळा.

या थरावर दर उन्हाळ्यांत एक संकट येतें. तें म्हणजे वणवा. प्रस्तुत लेखाचा विषय या वणव्याचा आहे. पण आग लागली असतां काय जळतें हा तो विषय नसून, आग विझल्यावर पहिल्या पावसांत काय वाहून जातें हा आहे. वाहून जाणाऱ्या या मातीचा अंदाज आधींच बांधून तो नकाशावर उतरविण्याची विद्या गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध झाली आहे. ही विद्या आकाशांतून एकाएकीं उतरलेली नाहीं. तिची वंशावळ लांब आहे, आणि त्या वंशावळींतील एक पिढी आपल्याच दख्खनच्या शेतांतून हिंडलेली आहे, हें वाचकांस कदाचित् नवें वाटेल.

प्रथम वणवा मातीचें काय करतो तें पाहूं. आपल्याकडील पानझडीच्या जंगलांत आग बहुधा जमिनीलगत धांवते. वाळलेलें गवत आणि साग, पळस, धावडा यांचा पाचोळा जळतो. मोठीं झाडें होरपळतात, पण बहुधा मरत नाहींत. म्हणून दोन महिन्यांनीं तोच डोंगर हिरवा झालेला पाहून लोक म्हणतात कीं, कांहीं बिघडलें नाहीं. खरा बिघाड त्या दोन महिन्यांच्या आंतच होऊन गेलेला असतो. पाचोळा हें मातीचें पांघरूण होय. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला म्हणजे मातीचे कण उसळतात, डब्ल्यू. डी. एलिसन या अमेरिकन संशोधकानें १९४४ सालीं दाखवून दिलें कीं, धुपेचा आरंभ वाहत्या पाण्यानें होण्यापूर्वीं या आघातानेंच होतो. शिवाय बारीक राख मातीच्या रंध्रांत बसून तीं बुजविते. आग तीव्र असेल तर आणखी एक विलक्षण प्रकार घडतो. पाल्यांतील मेणासारखीं द्रव्यें उष्णतेनें वायुरूप होऊन मातींत शिरतात आणि खालच्या थंड थरांत थिजून बसतात; मग ती माती अळवाच्या पानाप्रमाणें पाणी झिडकारूं लागते. दक्षिण कॅलिफोर्नियांतील जळित डोंगरांवर या गोष्टीचा विशेष अभ्यास १९६० नंतरच्या दशकांत झाला.

त्यांतही आपल्या देशाचा ऋतुक्रम या बाबतींत फार निष्ठुर आहे. वणव्यांचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. त्याच्या पाठोपाठ येतो तो वळीव आणि मागोमाग मृगाचा पाऊस. जळलेल्या भूमीला सावरण्यास अवधि मिळत नाहीं. वर्षांतील सर्वांत उघडी जमीन आणि वर्षांतील सर्वांत जोराच्या सरी यांची गांठ येथें जणूं मुहूर्त पाहून घातलेली आहे.

असें असतां आमच्या पूर्वजांचें व राज्यकर्त्यांचें लक्ष या गोष्टीकडे कां गेलें नाहीं? आगीकडे त्यांचें लक्ष नव्हतें असें मुळींच नाहीं. महाभारतांतील खांडववनदहनाची कथा सर्वांस ठाऊक आहे. अग्नि वन खात आहे आणि इंद्र वरून पाऊस पाडीत आहे, हें दृश्य व्यासांनीं आदिपर्वांतच उभें केलें. पण त्या कथेंत प्रश्न आहे तो कोण जिंकलें याचा. पाऊस व राख मिळून त्या भूमीचें काय झालें, हा नव्हे. कोंकणांत व घाटमाथ्यावर शेतकरी शतकानुशतकें ‘राब’ करीत आला आहे. भाताच्या रोपांची जागा तो पाला, फांद्या, शेण पसरून भाजतो. त्याच्या दृष्टीनें आग ही शेतीची दासी. गुराखी उन्हाळ्यांत गवत पेटवितो तें नवे कोंब लवकर फुटावेत म्हणून. मोहाचीं फुलें वेंचणारा झाडाखालचा पाचोळा जाळतो तो फुलें स्पष्ट दिसावीं म्हणून. इंग्रजी अमदानींत आलेल्या वनाधिकाऱ्यांनीं या सर्वांना एकाच मापानें मोजलें. मध्यप्रांतांतील बोरीच्या जंगलांत कर्नल पिअर्सन यांनीं १८६० नंतरच्या दशकांत आगीपासून जंगल राखण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग केला. पुढें जाळरेषा आंखण्याची चाल सर्वत्र पडली. १८७८ च्या व पुढें १९२७ च्या वनकायद्यानें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा ठरला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या राबाबद्दल एवढा गहजब झाला कीं, मुंबई सरकारला १८८५ सालीं एक वनचौकशी मंडळ नेमावें लागलें, आणि १८८७ सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला.

या साऱ्या वादांत दोन पक्ष होते. एकाला लांकूड वांचवायचें होतें, दुसऱ्याला शेती. दोघांचीही बाजू आपापल्या परीनें खरी होती. परंतु माती ही दोघांच्याही पायांखालीं होती आणि तिच्या वतीनें भांडणारा कोणी नव्हता. जळलेलीं झाडें मोजतां येतात, वाढलेली वैरण मोजतां येते. पण वाहून गेलेली माती कशानें मोजावी? जें मोजतां येत नाहीं तें कारभाराच्या दप्तरांत चढत नाहीं, आणि जें दप्तरांत चढत नाहीं तें राज्यकर्त्याच्या दृष्टीनें घडलेलेंच नसतें. म्हणून आतां मोजणीच्या इतिहासाकडे वळणें प्राप्त आहे.

औरंगाबादच्या वायव्येस सातमाळ्याचे डोंगर लागतात. कन्नडहून चाळीसगांवकडे उतरणाऱ्या घाटाला खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचें नांव मिळालेलें आहे, आणि सभोंवतालचें अरण्य १९८६ सालापासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखलेलें आहे. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशीं पाटण येथें एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रकाशांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता; त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि त्याला शके ११२८ मध्यें देणगी मिळाली, असा त्यांत मजकूर आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून तिसरी काढण्याची विद्या ज्या डोंगराच्या सावलींत शिकविली जात होती, त्या डोंगराचा स्वतःचा उतार मात्र मोजला गेला नाहीं. ग्रहांचें गणित झालें. घाटांचें झालें नाहीं.

डोंगराचा आकार कागदावर मांडण्याची हिकमत युरोपांत अठराव्या शतकांत पुढें आली. स्कॉटलंडमधील शीहॅलियन या डोंगराचें वस्तुमान काढतांना चार्ल्स हटन या गणित्यानें १७७४ च्या पाहणीचे आंकडे हातीं घेतले, आणि सारख्या उंचीचीं स्थळें एका रेषेनें जोडलीं. त्या समोच्च रेषा जेथें दाट तेथें चढ उभा, जेथें विरळ तेथें सपाट. आपल्या देशांत कर्नल लॅम्टन यांनीं १८०२ सालीं मद्रासजवळ त्रिकोणमितीय पाहणीचा पाया घातला, आणि ती उत्तरेकडे नेत असतां १८२३ सालीं वर्धेकडील हिंगणघाट येथें त्यांनीं देह ठेविला. या पाहणीवर पुढचे सर्व भूरूप नकाशे उभे आहेत. परंतु ते नकाशे कोणासाठीं होते हें विसरतां कामा नये. सैन्यास वाट कोठून, तोफा कोणत्या घाटानें चढतील, मुलूख कोठें संपतो, हे त्यांचे प्रश्न होते.

दुसरी मोजणी महसुलाची. ती गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर येथें सुरू केली. तेहेतीस फुटी साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आपल्या घराघरांत आजही चालतो, तो तेथलाच. पण या पाहणींतील खरी अद्भुत गोष्ट क्षेत्रफळाची नसून प्रतवारीची आहे. प्रत्येक शेताचे कागदावर भाग पाडून पाहणीकार प्रत्येक भागांत माती किती खोल आहे तें पाही. सर्वांत उत्तम माती पावणेदोन हात खोल धरली जाई. मग तो मातीचे दोष नोंदी. १८४७ च्या संयुक्त अहवालांत ते सांगितलेले आहेत. चुनखडीचे खडे, वाळूचें मिश्रण, उतार, मातींत चिकटपणाचा अभाव, पाणी न शोषणें, वाहत्या पाण्यानें धुवून जाण्याचा संभव, आणि अति ओल. प्रत्येक दोषाला एकेक खूण होती, आणि प्रत्येक खुणेनें शेताची प्रत एकेक पायरी खालीं येई.

या यादीकडे वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. उतार, चिकटपणा, शोषण, धुपण्याचा संभव! मातीला असलेल्या धोक्याचा हा नकाशा नव्हे तर काय आहे? ज्या कारकुनानें गुडघाभर ढेकळांत उभें राहून शेताच्या आंखणींत ती नागमोडी खूण काढली, त्यानें नकळत एका मोठ्या शास्त्राचा धडा गिरविला होता. पुढें निजामी राज्यांतही मुंबईच्या धर्तीवर पाहणी झाली आणि मराठवाड्याच्या शेतांनाही प्रती लागल्या. पण यांत एक गोम होती. खूण काढली जाई ती सारा ठरविण्यासाठीं, माती वांचविण्यासाठीं नव्हे. आणि दुसरें असें कीं, खूण काढली जाई ती शेतांत. जेथून पाणी शेतावर येई तो वरचा डोंगर लागवडीचा नव्हता, म्हणून त्याला प्रत नव्हती. धुपेचा परिणाम दप्तरांत आला. धुपेचें कारण नकाशाच्या कोऱ्या भागांत राहिलें.

या कोऱ्या भागाकडे जगाचें लक्ष वेधलें तें अमेरिकेच्या धुळीनें. १९३० नंतरच्या दशकांत तेथील मध्य मैदानांतील नांगरलेली माती वाऱ्यानें उडून राजधानीपर्यंत पोंचली, आणि ह्यू हॅमंड बेनेट यांच्या खटपटीनें १९३५ सालीं मृदसंधारणाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांतही १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा होऊन बांधबंदिस्तीस कायद्याचें पाठबळ मिळालें. अमेरिकेंत ठिकठिकाणीं प्रयोगाचे वाफे घालून, पावसानंतर त्यांतून वाहून आलेली माती वर्षानुवर्षें तोलण्यांत आली. वाफ्याची लांबी साडेबहात्तर फूट, उतार शेंकडा नऊ, असें प्रमाण ठरलें. त्या ढिगानें जमलेल्या आंकड्यांवरून विश्मायर व स्मिथ या दोघांनीं एक समीकरण बसविलें, आणि तें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एका ठिकाणची वार्षिक धूप ही पांच गोष्टींचा गुणाकार आहे. पावसाचा जोर, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी व चढ, जमिनीवरील आच्छादन, आणि मनुष्यानें केलेला बंदोबस्त. विंगेटच्या पाहणीकारांच्या खुणाच येथें अंकांचीं वस्त्रें लेऊन आल्या आहेत, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. फरक इतकाच कीं, त्यांत आच्छादनाची भर पडली. आणि वणवा नेमका याच अंकावर घाव घालतो. डोंगराचा उतार रातोरात बदलत नाहीं, पावसाचा स्वभाव बदलत नाहीं. एका रात्रीच्या आगीनें बदलतें तें हें पांघरूण.

आतां उरला प्रश्न एवढाच कीं, शेंकडों चौरस किलोमीटर डोंगरावर पांघरूण कोठें जळलें आणि किती जळलें, हें कसें पाहावें? पायीं हिंडून तें होणें नाहीं. मृग उंबरठ्यावर आलेला असतो. याचें उत्तर आकाशानें दिलें. १९७२ च्या जुलैंत अमेरिकेचा लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सुटला. भारताचा आय.आर.एस.-१-ए हा १९८८ च्या मार्चांत सुटला. या उपग्रहांचे डोळे मनुष्याच्या डोळ्यांहून निराळे आहेत. हिरवें पान आपल्याला न दिसणारे जवळचे अवरक्त किरण फार परावर्तित करतें, आणि पानांतील पाण्यामुळें त्याहून लांब लहरींचे अवरक्त किरण शोषून घेतें. जळलेल्या भूमीचें उलट आहे. तेथें पहिले किरण मंद होतात आणि दुसरे उजळतात. लांब लहरींचे हे किरण पाहण्याची सोय लँडसॅट मालिकेंत १९८२ पासून झाली, आणि आपल्या उपग्रहांत १९९५ च्या आय.आर.एस.-१-सी पासून. १९९१ सालीं स्पेनमधील दोन संशोधकांनीं या दोन प्रकाशांची वजाबाकी त्यांच्या बेरजेनें भागून जळित ओळखण्याची रीत मांडली. आगीपूर्वींच्या चित्राचा हा अंक आणि आगीनंतरचा अंक यांतील अंतर जेवढें मोठें, तेवढा दाह अधिक. नाडीपरीक्षेसारखीच ही रीत आहे; निरोगी असतांना नाडी कशी होती हें ठाऊक असेल तरच आजचें दुखणें कळतें.

उतारही आकाशांतूनच मोजला गेला. २००० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या अवकाशयानानें अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें टिपली. २००५ सालीं भारतानें कार्टोसॅट-१ सोडला. त्याचे दोन कॅमेरे आपल्या दोन डोळ्यांप्रमाणें एकाच जागेकडे दोन कोनांतून पाहत, आणि त्यावरून उंचसखलपणा काढतां येई. हे सर्व थर, म्हणजे पाऊस, माती, उतार, आच्छादन, संगणकांत एकावर एक ठेवून प्रत्येक चौकटीचा गुणाकार केला कीं, कोणत्या ओहोळांतून किती माती सुटण्याचा संभव आहे तें रंगांनीं उमटतें. अमेरिकेंत मोठ्या वणव्यानंतर कांहीं दिवसांतच असा नकाशा करणारीं खास पथकें जातात.

परंतु नकाशा झाला म्हणजे काम झालें असें नाहीं, हा धडाही अमेरिकेनेंच शिकविला. १९१७ किंवा १९३० ची ही गोष्ट नव्हे, अगदीं अलीकडची आहे. २०१७ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांत ‘थॉमस’ नांवाचा प्रचंड वणवा भडकला. त्या जळित डोंगराखालीं माँटेसिटो हें संपन्न गांव आहे. धोक्याचे नकाशे तयार होते, इशारेही दिलेले होते. तरी अनेक कुटुंबें घरींच राहिलीं. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे थोडा वेळच पण फार जोराची सर आली. चिखल, धोंडे व ओंडके यांचा लोंढा गांवांत घुसला, आणि २३ माणसें गेलीं. नकाशा खरा ठरला, पण तो वेळीं मानला गेला नाहीं.

आतां आपल्या घरीं परत येऊं. देहरादूनची भारतीय वनसर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांनीं टिपलेल्या आगींची वर्दी राज्यांच्या वनखात्यांस देत आहे. प्रथम हे ठिपके एक किलोमीटरच्या चौकटींत येत. पुढें नव्या उपग्रहामुळें ३७५ मीटरपर्यंत सूक्ष्म झाले. नागपुरास महाराष्ट्राचें सुदूर संवेदन केंद्र आहे, तेथेंच देशाच्या मृदसर्वेक्षणाची मोठी संस्था आहे; आणि पाणी व जमीन यांच्या व्यवस्थापनाचें शिक्षण देणारी ‘वाल्मी’ ही संस्था तर या शहराच्याच अंगणांत १९८० पासून उभी आहे. म्हणजे डोळे आहेत, मातीचें ज्ञान आहे, पाण्याचें ज्ञान आहे.

तथापि परदेशी रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. पहिली अडचण अशी कीं, फाल्गुन-चैत्रांत आमचें जंगल आपण होऊनच पानें टाकतें. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला पानझड आणि जळित यांतील भेद सहज कळत नाहीं. म्हणून तुलना मागील पावसाळ्याच्या चित्राशीं न करतां आगीच्या अगदीं आधींच्या चित्राशीं केली पाहिजे. दुसरी अशी कीं, तेथील आग झाडांचे शेंडे पेटविते, आमची पायाशीं धांवते. त्यामुळें तेथील मापानें ‘सौम्य’ ठरलेली आग आमच्या मुरमाड उतारावर सौम्य असेलच असें नाहीं; बेसाल्टवरील मातीचा थर जेथें वीतभरच आहे, तेथें त्यांतील दोन बोटें गेलीं तरी तें फार झालें. तिसरी अशी कीं, जून उजाडला म्हणजे ढग दाटतात आणि हा डोळा मिटतो. जें पाहायचें तें मे महिन्यांतच पाहून घ्यावें लागतें. आणि चौथी, समीकरण हें शेतासाठीं बसविलेलें आहे. कड्यावरून सुटणाऱ्या दरडीचा हिशेब त्यांत नाहीं. म्हणून नकाशांतील आंकड्यास वेदवाक्य न मानतां, कोणता ओहोळ अधिक धोक्याचा आणि कोणता कमी, एवढी तुलना त्याच्याकडून घ्यावी. ती मात्र तो चांगली देतो.

हा प्रश्न पुस्तकी नाहीं. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीं कन्नडच्या घाटांत मुसळधार पाऊस झाला. सकाळपर्यंत घाटांत ठिकठिकाणीं दरडी कोसळून रस्ता बंद पडला, आणि खालीं चाळीसगांवांत पुराचें पाणी शिरलें. ही आपत्ति वणव्यानें आणिली असें मी म्हणत नाहीं. ती अतिवृष्टीनें आणिली. कारण नसतांना कारण चिकटविणें हें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं. परंतु त्या रात्रीनें एवढें सिद्ध केलें कीं, हा डोंगर मजबूत दिसत असला तरी तो सुटूं शकतो, आणि तो सुटला तर खालचें गांव वांचत नाहीं. ज्या उताराचा स्वभाव असा आहे, त्याचें पांघरूण उन्हाळ्यांत जळूं द्यावें आणि पावसाळ्यापूर्वीं त्याची विचारपूसही करूं नये, हें शहाणपणाचें नाहीं.

या डोंगरांतून तीन दिशांना पाणी जातें. उत्तरेचें खानदेशांत उतरून तापीकडे जातें. शिवना दक्षिणेस वाहत गोदावरीस मिळते. पूर्णाही त्याच डोंगरांत उगवून पूर्वेकडे वळसा घेऊन पुढें गोदावरीलाच मिळते. आणि शहराच्या उत्तरेच्या टेकड्यांत उगवणारी खाम शहरांतून जाऊन नाथसागरास मिळते. ज्या धरणाची कोनशिला लालबहादुर शास्त्री यांनीं १९६५ सालीं बसविली आणि जें १९७६ सालीं पुरें झालें, त्याच जायकवाडीचें पाणी आज शहागंजच्या नळांना येतें. हौद गेला, नहरी बहुतेक निकामी झाल्या, आणि आम्हांस वाटूं लागलें कीं, आतां आमचा डोंगराशीं संबंध उरला नाहीं. पण शिवनेनें व खामेनें आणिलेली माती शेवटीं ज्या जलाशयाच्या तळाशीं बसते, त्याच्याच कांठीं आमची तहान बसलेली आहे. धरणांत जेवढा गाळ, तेवढें पाणी कमी. हा हिशेब सांगण्यास समीकरणाची गरज नाहीं.

मग करावें काय? उपाय महाग नाहींत आणि नवेही नाहींत. सलग समतल चर, ओहोळांत अनघड दगडांचे बांध, जळून पडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकणें, उघड्या जागीं गवताचें बीं फेंकणें. १९७२ च्या दुष्काळांत रोजगाराच्या कामांवर गेलेल्या मराठवाड्यांतील कोणाही वृद्धाला यांतील निम्मीं कामें हातानें येतात. अडचण आहे ती जागा निवडण्याची. सगळा डोंगर बांधतां येत नाहीं. हातीं उरलेल्या तीनचार आठवड्यांत दहा ओहोळ बांधतां येतील. ते दहा कोणते, हें सांगणें एवढेंच नकाशाचें काम. तो नकाशा राजधानींतील कपाटांत न राहतां मेअखेर वनरक्षकाच्या हातीं व डोंगराखालच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असला पाहिजे. आणि तो वाचतांना गांवच्या गुराख्याला शेजारीं बसविलें पाहिजे. ज्याला दीडशें वर्षें आम्ही केवळ आग लावणारा म्हणून ओळखलें, त्यालाच कोणत्या ओहोळानें कोणत्या वर्षीं बांध फोडला तें आठवत असतें. उपग्रहाला उतार दिसतो. आठवण दिसत नाहीं.

विंगेटच्या पाहणीकारांनीं शेतांत धुपेची खूण काढली आणि सारा कमी करून ते पुढच्या शेताकडे गेले. त्यांना तेवढेंच विचारलेलें होतें. नकाशा हा नेहमीं विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देतो. सैन्यानें वाट विचारली, त्याला वाट मिळाली. सरकारनें सारा विचारला, त्याला सारा मिळाला. माती कोठें जाते हें विचारण्याची पाळी आतां नागरिकांची आहे. तीनशें वर्षांपूर्वीं दिल्लीच्या राजकारणांत आकंठ बुडालेल्या एका सुभेदाराला या शहराच्या उन्हाळ्याची आठवण राहिली, आणि शहागंजांत हौद झाला. त्याला डोंगर दिसत होता, पण डोंगराच्या पोटांत काय चाललें आहे तें दिसत नव्हतें. आपल्याला तें दिसतें. तेव्हां येत्या उन्हाळ्यांत रात्रीं गच्चीवरून उत्तरेच्या टेकडीवर आगीची माळ दिसली, तर ती शोभा म्हणून न पाहतां, मृगाला किती दिवस उरले हें प्रत्येकानें मनांत मोजावें, आणि सकाळीं तें कोणाला तरी विचारावें.